नव्या वर्षाचं रीडिंग चॅलेंज: आधी नियम वाचा, मग कपाट बघा, मग नाव घाला

डिसेंबर अर्धा सरला की ओळखीतले वाचणारे लोक मला एकच गोष्ट विचारतात, "ताई, यंदा कुठलं चॅलेंज घ्यावं?" पॅकिंग खात्यातल्या मुली विचारतात, नणंद विचारते, वाचनालयात रांगेत उभ्या असलेल्या काकूही विचारतात. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. घरी तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू, असं सोलापूरच्या पूर्व भागातल्या पुष्कळ घरांसारखं माझंही आहे. दर वर्षी विषयाचं एखादं चॅलेंज मी घेते आणि ते मनापासून पाळते. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हे लिहिलं.

चॅलेंज म्हणजे वर्षभरात किती किंवा काय वाचायचं ते आधी ठरवून पाळायचं. ती दोन जातींची असतात. एक संख्येचं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर २०११ पासून चालू आहे ते याच जातीचं. वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा तुम्ही टाकायचा, पुस्तक संपलं की नोंद करायची, पट्टी पुढे सरकते. आकडा वर्षाच्या मध्येही बदलता येतो. दुसरं विषयाचं. यात किती वाचता यापेक्षा काय वाचता याला महत्त्व. एखादा साहित्यप्रकार, एखादा प्रदेश, एखादा काळ, किंवा "अमुक प्रकारचं एक पुस्तक" अशा सूचनांची यादी आणि त्या यादीत बसणारी पुस्तकं शोधायची.

संख्येच्या चॅलेंजला मी नावं ठेवत नाही. ज्याची वाचायची सवय मोडली आहे त्याला त्याचा उपयोग होतो. पण ज्याला सवय आहे त्याने विषयाचंच घ्यावं, हे मी ठामपणे सांगते. आकडा गाठायचा म्हटला की हात आपोआप पातळ पुस्तकाकडे जातो आणि जाड पुस्तक पुढच्या वर्षावर ढकललं जातं. विषय मात्र तुम्हाला वाचनालयातल्या अशा कपाटापाशी नेऊन उभं करतो, जे तुम्ही एरवी न बघता ओलांडून जाता. निवडताना एवढी एकच कसोटी लावा. हे चॅलेंज मला नव्या कपाटापाशी नेतंय का? नेत असेल तर घ्या. जे तुम्ही तसंही वाचणारच होता तेच मोजणारं चॅलेंज असेल तर त्यात नाव घालून हाती काही लागत नाही.

बाहेर काय काय चालू असतं

इंग्रजीतली मोठी चॅलेंज नोव्हेंबर-डिसेंबरात जाहीर होतात आणि बहुतेक १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी चालतात. बुक रायट या अमेरिकेतल्या संस्थेचं रीड हार्डर २०१५ पासून आहे. त्यात २४ सूचना असतात, म्हणजे महिन्याला दोन. फिफ्टीटू बुक क्लबच्या यादीत नावाप्रमाणेच ५२ सूचना, आठवड्याला एक. नोकरी, घर आणि स्वयंपाक सांभाळून आठवड्याला एक पुस्तक म्हणजे फार झालं. पण यादी चाळायला हरकत नाही, तिच्यातून कल्पना सुचतात. जगभर फिरवणारी चॅलेंज वेगळी. लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन यांनी २०१२ साली वर्षभरात जगातल्या प्रत्येक देशातलं एक पुस्तक वाचायचं ठरवलं आणि ते पार पाडलं. त्याच धर्तीवर आता लोक छोटी चॅलेंज करतात, दहा देश, पाच खंड अशी. आणि एक जात सगळ्यांत घरगुती, ती म्हणजे विकत घेऊन न वाचता ठेवलेली पुस्तकं संपवायची. ज्यांच्या घरी पुस्तक प्रदर्शनातून आणलेल्या पिशव्या अजून तशाच आहेत त्यांनी हेच घ्यावं. यात खर्चही नाही.

बऱ्याच चॅलेंजांत पायऱ्या असतात. चार पुस्तकं वाचलीत तर पहिली पायरी, आठ वाचलीत तर दुसरी, बारा म्हणजे तिसरी. नाव घालताना खालची पायरी घ्या. वर चढायला सहसा कोणी अडवत नाही, खाली उतरायला मात्र काही आयोजक परवानगी देत नाहीत.

नियम वाचताना नेमकं काय बघायचं

इथे घाई करू नका. नियमांचं पान साधारण एकाच बैठकीत वाचून होतं आणि पुढची भांडणं तिथेच मिटतात.

पहिलं म्हणजे तारखा. पुस्तक जानेवारीत सुरू केलेलं हवं की नुसतं जानेवारीनंतर संपलेलं चालेल? डिसेंबरात अर्धं वाचून ठेवलेलं जाड पुस्तक असेल तर हा फरक मोठा आहे. नोंदणीची शेवटची तारीखही इथेच दिलेली असते. काही चॅलेंज वर्षभर दार उघडं ठेवतात, काही जानेवारीअखेर बंद करतात.

दुसरं, एकच पुस्तक दोन चॅलेंजांत धरता येतं का. बहुतेक ठिकाणी येतं. एकाच चॅलेंजमधल्या दोन सूचनांना मात्र बरेच आयोजक एक पुस्तक लावू देत नाहीत.

तिसरं, आधी वाचलेलं पुन्हा वाचलं तर चालतं का. लहानपणी शाळेच्या कपाटातून आणून वाचलेलं पुस्तक चाळिशीत पुन्हा वाचणं हे माझ्या मते नवंच वाचन आहे, पण आपलं मत तिथे चालत नाही. त्यांचा नियम चालतो.

चौथं, ऐकलेलं पुस्तक. स्टोरीटेलसारख्या ऐकायच्या पुस्तकांच्या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत आणि बहुतेक चॅलेंज ती मान्य करतात. पण संक्षिप्त आवृत्ती किंवा नाट्यरूपांतर असेल तर ते चालेलच असं नाही, ते नियमात बघा.

पाचवं आपल्या मराठी वाचकांना विशेष लागू. पुस्तक म्हणजे काय? दिवाळी अंक धरायचा का? दोन-अडीचशे पानांचा अंक आपण मन लावून वाचतो, पण तो नियतकालिक आहे आणि परदेशातल्या आयोजकाला तो प्रकारच माहीत नसतो. एक ओळ लिहून विचारा. एकांकिका, कवितासंग्रह, बालसाहित्य यांचंही तसंच. किमान पानांची अट असेल तर मराठीतले बरेच उत्तम कवितासंग्रह बाहेर पडतात.

शेवटचं, वाचल्यावर लिहायचं का. कुठे नुसती नोंद पुरते, कुठे प्रत्येक पुस्तकावर परिच्छेदभर लिहावं लागतं. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने लिहायची अट असलेलं चॅलेंज घेऊ नये. मला स्वतःला लिहायची अट आवडते. चार ओळी लिहायच्या आहेत म्हटलं की मी शेवटची पन्नास पानं जास्त लक्ष देऊन वाचते.

आणखी एक काळजी. चांगलं चॅलेंज फुकट असतं. नाव, ईमेल, फार तर कोणती पायरी घेतली एवढंच विचारतात. कोणी आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी किंवा प्रवेश फी मागत असेल तर तिथून मागे फिरा. मुलांच्या नावाने नोंदणी करत असाल तर पूर्ण नाव आणि शाळा लिहू नका, घरचं नाव पुरे.

परक्या यादीला आपलं करून घेणं

इंग्रजी याद्या त्यांच्या वाचकांसाठी बनवलेल्या असतात. "अनुवादित पुस्तक" ही सूचना तिकडे अवघड समजतात. आपल्याकडे ज्याच्या घरात दहा मराठी पुस्तकं आहेत त्याच्या दहांत एखादं तरी बंगालीतून नाही तर कन्नडमधून आलेलं असतं. म्हणून मी ती सूचना माझ्यापुरती कडक करते. इंग्रजीतून आलेलं चालणार नाही, भारतीय भाषेतून थेट मराठीत आलेलं हवं. याचा शोध कसा घ्यायचा? पुस्तकाचं शीर्षकाचं पान उलटा. मागच्या बाजूला प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती, मुखपृष्ठ कोणाचं हे सगळं छापलेलं असतं, तिथेच मूळ पुस्तकाचं नाव आणि बहुतेक वेळा मूळ भाषाही असते. अनुवादकाच्या मनोगतात तो कोणत्या भाषेतून काम करतो ते कळतं. कधी कधी तेलुगू कादंबरी हिंदीतून फिरून मराठीत आलेली असते, तेही तिथेच लक्षात येतं.

ज्यांचा आवाज छापील पुस्तकात उशिरा आला अशा समाजातल्या लेखकांचं पुस्तक, अशीही सूचना याद्यांत असते, आणि तिथे अमेरिकेतल्या समाजांची नावं असतात. त्या जागी आपली दलित आत्मकथनं आणि भटक्या-विमुक्तांचं लेखन बिनधास्त लावा. सोलापूरकरांना तर त्यासाठी लांब जायला नको. इंग्रजांनी कायदा करून ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, ती सेटलमेंट आपल्याच शहरात आहे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. ही तारीख डोक्यात ठेवून ती पुस्तकं वाचली की वस्तीच्या नावाचा अर्थ निराळा लागतो.

सोलापूरला शोभतील असे विषय

बाहेरचं चॅलेंज मनात भरलं नाही तर आपलं आपण करावं आणि चार जणांना त्यात ओढावं. हे काही विषय मी मैत्रिणींना सुचवत असते.

चार भाषांचं वर्ष. वाचायचं मराठीतच, पण मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांत मुळात लिहिलेली पुस्तकं, प्रत्येकी तीन. बाराही महिने भरतात. कन्नडची तीन सहज मिळतील. भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादातून कुठल्याही वाचनालयात असतात. उलट त्यांच्यावर नंबर लागलेला असतो म्हणून लवकर सांगून ठेवा. कन्नडच्या महिन्यांत बेंद्रे यांच्याबद्दल काहीतरी वाचाच. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, ते कन्नडचे थोर कवी, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, आणि १९४४ ते १९५६ ही बारा वर्षं ते आपल्या दयानंद कॉलेजात कन्नड शिकवत होते. ही गोष्ट सोलापुरात किती जणांना ठाऊक आहे? आणि कन्नडमधलं त्याहून जुनं हवं असेल तर सिद्धरामेश्वरांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना. ज्यांच्या नावाने आपण गड्ड्याची यात्रा भरवतो ते बाराव्या शतकातले कन्नड वचनकार होते. वचनांचे मराठी अनुवाद मागितले की मिळतात.

उर्दूत मंटो आणि इस्मत चुगताई यांच्या कथा मराठीत आलेल्या आहेत. खरी ओढाताण होते ती तेलुगूची. दुकानात मागितलं तर हाताला फारसं लागत नाही. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची पुस्तकं मागा. ट्रस्टची आदान-प्रदान मालिका भारतीय भाषांतली पुस्तकं एकमेकींत आणण्यासाठीच काढलेली आहे. वाचनालयात ही पुस्तकं खालच्या फळीवर असतात, कारण ती कोणी मागत नाही. मला तेलुगू बोलता येतं, लिपी वाचता येत नाही, म्हणून माझ्यासाठी हा कप्पा फार जिव्हाळ्याचा आहे. तेलुगूमधून मराठीत आलेली कथा मी संध्याकाळी अम्माला परत तेलुगूत सांगते आणि ती मध्येच म्हणते, "असं कोणी बोलत नाही, तिथे हा शब्द असणार." अनुवादकाने काय सोसलं असेल ते मला अशा वेळी कळतं.

रानाचं वर्ष. पक्षी, झाडं, जंगल, शिकार, शेती यावरची पुस्तकं. मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. २००६ साली ७९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात झालं तेव्हा अध्यक्षही तेच होते. त्यांच्यापासून सुरुवात करा आणि एखाद्या रविवारी नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाऊन या. वाचलेला माळ डोळ्यांनी बघितला की पुढचं पुस्तक अधिक कळतं.

१९३० चं वर्ष. स्वातंत्र्यलढ्यावर सहा पुस्तकं, त्यातलं निदान एक १९३० साली सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी कायद्यावर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो. शाळेतल्या मुलांसोबत करायला हा विषय फार चांगला, आणि सुरुवात १२ जानेवारीलाच करावी.

संतांचं वर्षही करता येईल, पंढरपूर आणि मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात. चोखामेळा, कान्होपात्रा, दामाजीपंत. एवढंच सांगते, कारण या विषयावर मार्गदर्शन करणारे माझ्यापेक्षा जाणते लोक गावात पुष्कळ आहेत.

नाव घालायच्या आधी वाचनालयात जा

बहुतेक लोक आधी नाव घालतात, मग पुस्तकं शोधतात. मी उलट सांगते. विषय मनात ठरला की आधी वाचनालयात जाऊन तो विषय तिथे किती आहे ते बघा, मग नाव घाला. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, पेठापेठांतून छोटी सार्वजनिक वाचनालयं आहेत. सभासद होणं सोपं. अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो, अनामत आणि महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी. अनामत परत मिळते, तिची पावती जपून ठेवा. पुस्तक किती दिवस ठेवता येतं आणि मुदत वाढवून मिळते का हे पहिल्याच दिवशी विचारा, कारण त्यावर तुमची यादी ठरणार. जाड कादंबरी पंधरा दिवसांत होत नसेल तर ती मुदत वाढवून मिळणाऱ्या वाचनालयातूनच घ्यावी.

काउंटरवर नुसतं "चांगलं काहीतरी द्या" म्हणू नका. सकाळी गर्दी नसताना जा आणि नेमकं मागा, "कन्नडमधून मराठीत आलेल्या कादंबऱ्या कुठल्या फळीवर आहेत?" ग्रंथपालांना असा प्रश्न क्वचित कोणी विचारतं. विचारलं की ते खुर्चीतून उठतात, स्वतः कपाटापर्यंत येतात आणि तुम्ही न मागितलेली दोन पुस्तकंही काढून दाखवतात. माझ्या याद्यांतली उत्तम पुस्तकं मला अशीच मिळाली आहेत. वही सोबत न्या, पुस्तकाच्या नावापुढे दाखल क्रमांक लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नाही.

यादी करताना जागा बारा असतील तर नावं अठरा लिहा. एखादं पुस्तक कोणीतरी नेलेलं असतं, एखाद्याची पानं सुटलेली असतात, एखादं वाचवत नाही. मागावर ताणा पुरता भरल्याशिवाय बाणा टाकता येत नाही, तशी ही यादी आधी भरलेली हवी.

वाचनालयात नाही ते फुकट कुठे मिळेल? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत, ई-साहित्य प्रतिष्ठानचीही आहेत. मोबाइलवर वाचायची सवय असेल तर प्रवासात याचा उपयोग होतो. विकत घ्यायचीच वेळ आली तर यादीतली फक्त दोन-तीन घ्या, तीही वाचून झाल्यावर पुन्हा हाताशी असावीत असं वाटणारी.

आता नोंदणी

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या स्टोरीग्राफ या संकेतस्थळावर खातं काढा. चॅलेंज विभागात विषय टाकून शोधा, नियम वाचा, सामील व्हा. मग प्रत्येक सूचनेखाली तुमचं पुस्तक जोडता येतं. आधी गुडरीड्स वापरत असाल तर तिथली यादी उतरवून इथे आणता येते, पुन्हा सगळं भरावं लागत नाही. स्वतःचं चॅलेंजही इथे करता येतं. आमचं चार भाषांचं तसंच केलंय, बारा सूचना आणि नियम मराठीत.

मराठी पुस्तक शोधताना तीन प्रकारे शोधा, देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत आणि लेखकाच्या नावाने. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी, वेगवेगळ्या स्पेलिंगच्या, पुष्कळदा सापडतात. ज्या नोंदीत अनुवादकाचं नाव आणि प्रकाशक आहे ती घ्या. अजिबात नाही सापडलं तर नवी नोंद करा. शीर्षक देवनागरीत लिहा, लेखक, अनुवादक, प्रकाशक, पानं, भाषा मराठी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, शीर्षकाच्या पानामागे किंवा मागच्या मुखपृष्ठावर असतो. २००७ पासून तो तेरा आकडी आहे, ९७८ ने सुरू होतो, आणि भारतातल्या पुस्तकांत त्यापुढे ८१ किंवा ९३ येतं. जुन्या पुस्तकावर दहाच आकडे असतात, फार जुन्यावर काहीच नसतं. नसेल तर रकाना रिकामा सोडा, अंदाजाने काही भरू नका, दुसऱ्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं. तुम्ही केलेली नोंद पुढच्या मराठी वाचकाला आयती मिळते, म्हणून शुद्धलेखन तपासूनच जतन करा.

पुस्तक संपल्याची तारीख टाकायला विसरू नका. गुडरीड्सवर "वाचलं" एवढंच केलं आणि तारीख नाही टाकली तर ते त्या वर्षात मोजलं जात नाही.

ज्यांना हे मोबाइलचं नको त्यांनी वही करावी. माझी हिशेबाची लांब वहीच आहे. एका ओळीत पुस्तक, लेखक, अनुवादक, वाचनालयाचा दाखल क्रमांक, घेतल्याची तारीख, परतीची तारीख, वाचून संपल्याची तारीख, कुठल्या सूचनेखाली धरलं ती सूचना, आणि शेवटच्या रुंद रकान्यात एक वाक्य. ते वाक्य "छान आहे" असं लिहायचं नाही, हा नियम मी आमच्या सगळ्यांना घातलाय. पुस्तकातली एक नेमकी गोष्ट लिहायची. पॅकिंगमधल्या एका मुलीने लिहिलं होतं, "यातली सासू भाकरी थापताना गप्प बसते आणि बाकी वेळ बोलते." वर्षाअखेरीस तो रकाना वाचला की बारा पुस्तकं पुन्हा उभी राहतात.

सोबत कोण

एकटीने घेतलेलं चॅलेंज मार्चपर्यंत टिकतं असा अनुभव बऱ्याच जणी सांगतात. दोघी-तिघी असल्या तर टिकतं. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबे संपले की एक जण मोठ्याने वाचते. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा बाजूला सारायचा, हात पुसायचे आणि चार-पाच पानं. ज्या बायकांना वाचायला जमत नाही त्याही ऐकतात. आमच्या चॅलेंजचा पहिला नियमच असा आहे की ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांच्या नावावर ते पुस्तक धरायचं. तुम्ही गट करणार असाल तर हा नियम जरूर घाला. त्याने गट वाढतो, आणि वाचणारीलाही थांबून समजावून सांगावं लागतं.

मुलांना घेत असाल तर त्यांची यादी त्यांना करू द्या. भाच्याने डायनासोरवर बारा पुस्तकं लिहिली तर तोच त्याचा विषय.

आपल्या गावाचं वेळापत्रक

१ जानेवारीला जाडजूड पुस्तक हातात घेऊ नका. पहिल्या पंधरवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा, घरी पाहुणे, होम मैदानावर मुलांना न्यायचं. त्या दिवसांत दिवाळी अंक वाचा, चॅलेंजमध्ये चालत असेल तर. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेतले अंक तोवर फिरत असतात आणि दिवाळीच्या तोंडाशी असते तशी ओढाताण जानेवारीत नसते. आपल्याकडे १९०९ पासून, का. र. मित्रांच्या मनोरंजनपासून, दिवाळी अंकांची परंपरा आहे. वर्षाची सुरुवात त्यांनी करण्यात काहीच कमी नाही.

मार्चमध्ये हिशेबाची माणसं वर्षअखेरीत बुडालेली असतात, तेव्हा कवितासंग्रह. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, दुपारी बाहेर पडणं नको, मुलांना सुट्टी. जाड कादंबरी तेव्हाच घ्यावी, दुपारची जेवणं झाली की सलग वाचून होते. २३ एप्रिलला पुस्तक दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी सवलती लागतात. विकत घ्यायची दोन-तीन तेव्हा घ्या. आषाढात संतसाहित्य आपसूक हाताशी येतं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळांत होतो, मुलांच्या गटाला त्या दिवशी आपली यादी वर्गात दाखवता येते. दिवाळीआधी कारखान्यात ऑर्डरींची गडबड असते, तेव्हा काही ठरवूच नका.

जुलैमध्ये एकदा यादी उघडून बघा. मागे पडला असाल तर आयोजकाला चालत असल्यास पायरी उतरा किंवा पुस्तक बदला, पण सूचना बदलू नका. तेलुगूची जागा अवघड जातेय म्हणून तिथे चौथी कन्नड कादंबरी लावली तर त्या चॅलेंजमध्ये काही राहत नाही. त्यापेक्षा ती जागा रिकामी ठेवलेली बरी. जे पुस्तक शंभर पानांनंतरही पुढे जात नाही ते परत करा, अठरातलं दुसरं घ्या.

डिसेंबरात आयोजकाला शेवटची यादी पाठवायची असते, बहुतेक ठिकाणी एक छोटा फॉर्म असतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत. पूर्ण झालं नसलं तरी पाठवा. सहा वाचली असतील तर सहा लिहा. आयोजक पुढच्या वर्षाच्या सूचना त्यावरूनच ठरवतात, आणि मराठी पुस्तकांची नावं त्या यादीत आली तर त्यांना कळतं की आपण लोक आहोत.

माझ्या यंदाच्या चार भाषांत उर्दूची एक जागा अजून रिकामी आहे. दखनीतून मराठीत आलेलं काही तुमच्या पाहण्यात असेल तर पुस्तकाचं आणि अनुवादकाचं नाव मला जरूर कळवा.